उष्णता नावाचा आजार

प्रिय दादा,

आपल्या घरातल्या माणसांचं किती रक्तानं बिघडवलं आणि किती सवयींनी? खूप वाचलं, तरी मला सांगता येत नाही. बाबा दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेले, ओठांत सिगारेट. काका तंबाखूला शिवले नाहीत, सायकलवरून टपाल वाटत फिरले. दोघंही पन्नाशीच्या आत गेले. मग हिंडून-फिरून फायदा काय, असं तू लगेच म्हणशील. फायदा आहे रे, पण आपल्या घरात तेवढ्यानं भागत नाही.

वहिनीनं मला सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. दोन महिने शौचातून रक्त जातंय आणि तू ‘उष्णता झाली’ म्हणत थंड दूध पितोस. मी फोनवर विषय काढला तर म्हणालास, ग्रॅज्युएट बाई, आता माझ्या पोटालाही मार्क देणार का? तेव्हा हसले. फोन ठेवला आणि रडू आलं.

पण तुला बोलायला मला तोंड नाही. मी आधी स्वतःच दवाखान्यात गेले. फॉर्मवर प्रश्न होता, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर? मी ठसठशीत ‘नाही’ लिहिलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, वडील कशानं गेले? म्हटलं, उष्णतेनं. आणि काका? तेही उष्णतेनं. त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, उष्णतेनं कोणी मरत नाही, जुने कागद बघा. घरी येऊन बाबांचे जुने कागद काढले, तिसऱ्याच कागदावर ते नाव होतं, आतड्याचा कॅन्सर. आईला वाचता येत नव्हतं, आपण लहान. बाबांनी सांगितलं तेच आपण इतकी वर्षं धरून बसलो.

रक्त बदलता येत नाही. पण तुझं दहा-दहा तास स्टिअरिंगमागे बसणं, जेवणाच्या जागी चहा-सिगारेट, भाजी पाहिली की तोंड वाकडं, यावर मी भांडणारच. कॉलेजात तूच पाठवलंस ना? भोग आता.

मागच्या सोमवारी माझ्या आतड्याची कॅमेऱ्यानं तपासणी झाली. झोपवतात, काही कळत नाही. वाटाण्याएवढी गाठ निघाली, तिथेच काढली. कॅन्सर व्हायच्या आधीच सापडली. सख्ख्या भावाची तपासणी लांबवू नका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तुला तर रक्त जातंय. तुझी वेळ गुरुवारी सकाळी आहे. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, ते भयंकर असतं, घराबाहेर पडायची सोय नाही. म्हणून काल तुझ्या डेपोत गेले होते. साहेब म्हणाले, बहीण आहेस की वकील? बुधवार-गुरुवार तुझ्या बसवर दुसरा ड्रायव्हर लावून आले आहे.

तुझीच, तुला न विचारता वागलेली,
धाकटी