सोनल, तू पेपरला जा

सोनल,

पडवीतलं रगत बघून भिऊ नको. तुझ्या भावाचं हाय. तू अभ्यासाला मैत्रिणीकडं ऱ्हायलीस आन हितं सकाळी त्यानं तुझ्या गणिताच्या वह्या चुलीत घातल्या. "आज तिला बघायला पावणं येनार. बारावीचा पेपर न्हाय द्यायचा," म्हनला. मी आडवी गेली तर पोटात लाथ घातली. मग मी खुरपं मारलं. त्याची दोन बोटं तुटली.

आमी त्याला बारामतीला दवाखान्यात नेतोय. तू तिकडं येऊ नको. हॉलतिकीट माझ्या ट्रंकेत हाय. भाकरी खाऊन नवाच्या यष्टीनं इंदापूरला जा. पावण्यांना मी निरोप धाडलाय. पोलिसांनी इचारलं तर मीच मारलं म्हनून सांगनार.

तो जीपमधनं "आई, आई" म्हनून हाका मारतोय. जाते.

आई