ट्राममधली साखरेची ढेप

तूदा बये, थोरल्या बहिणीचा, इत्तोचा, सलाम घे. बोलते मी, लिहितेय नात निसरीन. माझा हात मोडलेला नाही, नुसता सुजलाय.

कासाब्लांका मी ट्रामनंच बघते. आपल्या खेचरापेक्षा गुणी आहे, लाथ मारत नाही. काल निसरीनच्या होणाऱ्या सासरी निघालो होतो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून दोन किलोची साखरेची ढेप मांडीवर घेतली होती.

वाटेत एका दांडगटानं निसरीनच्या गळ्याला सुरी लावली. "फोन काढ! म्हातारे, तू गप बस!" मी उठले आणि ढेप त्याच्या डोक्यात घातली. रक्त खिडकीपर्यंत उडालं. पोरीच्या मानेवर ओरखडाच आहे. सासू म्हणाली, "अशी आजी असल्यावर आमचा मुलगा नीट वागेल."

तुझे गुडघे कसे आहेत?

पुढचं लिहायला निसरीन तयार नव्हती. सुरी गळून पडली होती, तो खाली बसला होता, तरी मी दुसऱ्यांदा मारलं. पोलिसांना मात्र एकदाच मारलं असं सांगितलं. तो अजून शुद्धीवर नाही. नमाजानंतर त्याच्यासाठी दुआ माग. नाव ठाऊक नाही. कुणा बाईचा मुलगा, एवढं म्हण.

तुझीच,
इत्तो