वाफच तर आहे

९ नोव्हेंबर २००८, रविवार
वही, माफ कर. सव्वा महिना तुला उघडलंच नाही. लिहिणार तरी काय? सुलेखाचा दमा, परक्या देशातल्या ह्या एडिसन गावची थंडी, आणि दोन्हींची काळजी करत बसलेला मी.

आज मात्र लिहायलाच हवं. गिरीशच्या रेस्टॉरंटमध्ये, बारच्या कोपऱ्यात बसून माझा दोस्त प्रताप सिगारेट ओढायला लागला! दोन वर्षं झाली, आत ओढायला बंदी आहे. पोराचं लायसन्स जायचं! धावत गेलो. तर हा हसतोय.

"अरे, बॅटरीची आहे. जावयाने चीनहून आणली. धूर नाही, नुसती वाफ. तुझ्या सुनेचा कुकर सोडतो तेवढी!"

गिरीश डोकं खाजवत म्हणाला, "बाबा, अलाउ करायची का? कायद्यात हिचं नावच नाही. तुम्ही सांगा, आईला त्रास होईल का?"

मी हुंगून पाहिलं. पुदिना! वाफ म्हणजे वाफारा. लहानपणी सर्दी झाली की आई डोक्यावर घोंगडी टाकून द्यायची, तोच. वाफेनं कधी कुणाचं वाईट झालंय? म्हटलं, चालेल.

खरं कारण इथेच लिहितो. प्रताप बाहेर कचऱ्याच्या डब्यांपाशी कुडकुडत ओढायचा आणि मी आत एकटा चहा प्यायचो. इथे माझ्याशी निवांत बोलणारा तो एकच माणूस.

१४ नोव्हेंबर
सुवर्णा भडकली. सून कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. "बाबा, आई तिथेच काउंटरवर बसून नॅपकिन फोल्ड करतात. धूर असो नाहीतर वाफ, आत कशाला? बाहेर ओढा ना!"
मी म्हटलं, "मग कुकरलाही बाहेर काढ!"
ती पाय आपटत किचनमध्ये गेली. जिंकलो. पण तिचं बोलणं मनातून काही जाईना.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रतापच्या जावयाने आणखी तिघांना तसल्या सिगारेटी आणून दिल्या. कोपऱ्यात ढगच असतो आता. सुलेखा नाकाला पदर लावून बसते. विचारलं तर म्हणाली, "तुमचा दोस्त आहे ना? राहू दे हो."

२ डिसेंबर
तिचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणतात थंडीमुळे. थंडीमुळेच असेल.

५ डिसेंबर
प्रताप टेबलावर छोटी बाटली विसरून गेला. त्या सिगारेटमध्ये थेंब टाकायची. वर पुदिन्याचं पान काढलंय. खालचं इंग्रजी मुंगीएवढं, आणि माझी शाळा सातवीत सुटलेली. खिशात ठेवली. उद्या देईन.

६ डिसेंबर, शनिवार, दुपारी
सकाळी सुलेखाला धाप लागली. गिरीश, सुवर्णा अजून वरच्या मजल्यावर झोपलेले. निलगिरीचं तेल संपलेलं. पातेल्यात पाणी उकळलं आणि बाटलीतलं घातलं — थेंब नाही, चांगलं चमचाभर. डोक्यावर टॉवेल टाकला.
"वास छान आहे हो," म्हणाली.
थोड्या वेळाने टॉवेलखाली उलटीचा आवाज. काढून बघतो तर चेहरा पांढरा, ओठ निळे, घामाने भिजलेली. मी ओरडलो. ॲम्ब्युलन्स आली. गिरीश तिच्याबरोबर गेला.
का झालं असं? वाफच दिली मी!

त्याच दिवशी, चार वाजता
सुवर्णाने ओट्यावरची बाटली उचलली. डोळ्यांजवळ धरून खालचं बारीक इंग्रजी वाचलं. "बाबा, ह्यात निकोटिन आहे."
हा शब्द मला कळतो.
बाटली घेऊन ती हॉस्पिटलला निघाली. मी चपला घातल्या, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही घरीच थांबा."
गिरीश, फोन कर रे. काहीही असो, कळव. लवकर कळव.