आईच्या खुरप्याची धार

८ ऑक्टोबर २०२३, रविवार
माळशिरसजवळच्या आमच्या वस्तीवर आज सामान उतरवलं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं फिटर होतो, आता पेन्शनर. बायको गेली त्याला पाच वर्षं झाली, मुलगी राजनंदिनी, आमची नंदू, सोलापुरात नांदते. क्वार्टर सोडल्यावर गावाशिवाय जायचं तरी कुठं? चुलतभाऊ मायाप्पाने दोन खोल्या झाडून ठेवल्या होत्या. त्याची बायको केराबाई हिने कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवली. चार भाकरी हाणल्या. डब्याची सवय झालेल्या पोटाला हे सुख बरेच दिवसांत नव्हतं.

रिकामपणाचा उद्योगही ठरवून आलोय. घराण्यातली जुनी हत्यारं गोळा करायची, फळी ठोकून तिच्यावर मांडायची. लोक नाणी जमवतात, मी लोखंड जमवीन.

११ ऑक्टोबर
तीन हत्यारं मिळाली. आजोबांची मेंढ्यांची लोकर कातरायची कातर, आबांची, म्हणजे वडिलांची कुऱ्हाड आणि आईचं खुरपं. तिन्ही मायाप्पाच्या जुन्या छपराच्या आढ्यात खोचलेली, गंजून तांबडी झालेली. काढून द्यायला तो कुरकुरत होता, म्हणे हायती तितं राहू देत की. घरात सोनं असून कुणाला कळत नाही, ते असं.

आईच्या खुरप्याच्या मुठीला तिच्या अंगठ्याने खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बरोबर बसला. लोकांच्या रानात खुरपून तिने मला आयटीआय शिकवलं. नोकरी लागली की तुझं खुरपं सुटलं, असं मी तिला सांगितलं होतं. नोकरी लागली, लग्न झालं, पोर झाली, मी सांगत राहिलो. २००९ साली ती दुसऱ्याच्या कांद्यात खुरपतानाच गेली. मी ओव्हरटाइमला होतो.

१३ ऑक्टोबर
आज दिवसभर तिन्हींना धार. रॉकेल, पॉलिशपेपर, कानस, शेवटी तेलाचा दगड. बोथट हत्यार पाहिलं की माझा जीव खालीवर होतो, त्याला इलाज नाही. खुरप्याने वर्तमानपत्राचा कागद लोण्यासारखा कापला.

केराबाई पाणी घेऊन आली ती तिथंच थबकली. म्हणाली, "भावजी, गेलेल्या माणसाच्या हत्याराला धार लावत न्हाईत. ते गंजून बोथट झालं की माणूस कामातनं सुटतंय. तुमी धार लावली म्हंजी त्यास्नी कामाला हाक मारली की." मी म्हणालो, येऊ देत, रोजगाराला हल्ली बायका कुठं मिळतात? ती हसली नाही.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना
सकाळी अंगणात सरपण फोडून रचलेलं. मायाप्पा म्हणतो, मी न्हाय. दुपारी मायाप्पाच्या मेंढवाड्यातल्या तीन मेंढ्या कातरलेल्या सापडल्या. एकीच्याही अंगावर ओरखडा नाही, लोकर एका बाजूला नीट ढीग घालून. कोणीतरी गंमत करतंय असं मी म्हणत होतो. केराबाईने मात्र डोक्यावर पदर घेतला. घरात वडीलधारी माणसं आली की घेतात तसा.

१६ ऑक्टोबर
भर दुपारी आईला पाहिलं.

मायाप्पाच्या तुरीत, पाठमोरी, उकिडवी, हिरवं लुगडं. खुरप्याचा आवाज खर्र, खर्र. भ्यालो. पण खोटं कशाला लिहू, त्याहून जास्त आनंद झाला. चौदा वर्षांनी दिसली. हाक मारली तर वळली नाही. जवळ गेलो. तिला शेवटी शेवटी यायचा तो खोकला येत होता आणि हात चालूच होते. ती खुरपत होती आणि रडत होती.

मी केलं हे.

१७ ऑक्टोबर
खुरपं दगडावर आपटून पातं दाताळलं. तासाभरात पुन्हा कोरी धार. ट्रंकेत घालून कुलूप लावलं. बाहेर खर्र, खर्र.

उपाय विचारताना केराबाईच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. तिच्या सासूने तिला सांगितलं होतं म्हणे, की ज्यानं धार लावली त्यानंच राबून ती झिजवायची, दुसरा मार्ग नाही. "पर लई जड जातंय भावजी," एवढं बोलून ती आत गेली.

१९ ऑक्टोबर
दोन दिवस खुरपतोय. कातर नि कुऱ्हाडीची पाळी नंतर. खुरपं माझ्या हातात असतं, तेच तिच्याही हातात असतं. मी एक पात, म्हणजे तुरीची एक ओळ धरतो, ती शेजारची. मी निम्म्यात पोचेपर्यंत तिची संपते, मग ती समोरून माझी खुरपत येते. लहानपणी असंच करायची. मी आळशी, आणि ती दोघांच्या पाती ओढायची.

आई, अगं मी साठीचा झालो.

२१ ऑक्टोबर
धार जात नाही. पात संपली की ती पातं दगडावर दोनदा घासते. मला धार लावायला तिनेच शिकवलं होतं. हाताची सालटं निघाली. नंदूचा फोन, पप्पा सोलापूरला या. कसा जाऊ? हिला उन्हात सोडून?

२२ ऑक्टोबर
ताप. तरी गेलो — ती वाट पाहत नाही, थांबत नाही —

केराबाई म्हणते उद्या खंडेनवमी, उद्या हत्यार चालवत नाहीत. पुजून फळीवर ठेवा, एक दिवस तरी म्हातारी बसंल.

एक दिवस. एवढं तरी.

२३ ऑक्टोबर
पुजलं. हळद, कुंकू, झेंडू. तिन्ही फळीवर.

आई बसली. बांधावर. पाय लांब करून, मी आयुष्यात तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा तोंड दिसलं. मी रडलो.

दुपार —
डाव्या हाताने लिहितोय. उजवा तुरीत खुरपतोय, थांबत नाही. फळीवर खुरपं आहे, तेच माझ्या मुठीत — खर्र, खर्र — मायाप्पाने दोन्ही हातांनी मनगट धरलं, त्यालाही ओढत नेलं —

असू दे. ती बसली आहे. बसू दे —

ती माझ्याकडे बघतेय. पदर खोचते आहे. गुडघ्यावर हात ठेवून —

नको, आई. उठू नकोस. तू बस. ही पात मी