बंदरासाठी मागितलेला किनारा

रविवार, ३ मे

चर्चहून आलो. छावणीतले सगळे आडवे झालेत. माझे पाय खोलीत टिकत नाहीत. कुंपणापर्यंत जातो, परत येतो. पलीकडे कत्तलखान्याची गुरं उभी आहेत – उद्या आमच्या चाकूखाली येणारी. राबायला आलो त्या या देशात सगळं आहे, पण इथून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो.

आईचा फोन आला. "खेकडे बरे लागतायत. तू जेवतोस का नीट?" मग आवाज खाली करून म्हणाली, "किनारा मागायला पक्षाची माणसं परत आली होती. बाबांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावली."

बुधवार, ६ मे

मनासा म्हणजे माझ्या मामाचा मुलगा; आमच्या रीतीत असे भाऊ एकमेकांना मेव्हणा म्हणतात. कातडी सोलायच्या साखळीवर माझ्या शेजारीच उभा असतो. "मेव्हण्या, तुझे बाबा खेकड्यांचे वकील झालेत म्हणे," असं सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

मग त्यानं फोनवर त्या 'नवी लाट' पक्षाची चित्रफीत दाखवली. निवडणूक जिंकले की आमच्या बेटावरचं लाउतोकाचं बंदर दुप्पट करणार. कंटेनर ठेवायचं आवार, माशांचं शीतगृह, मोठ्या प्रवासी जहाजांचा धक्का. परदेशात राबणारी पोरं घरी परततील, म्हणे. आमच्या वाइरोरोच्या किनाऱ्यावरची खारफुटी चित्रात नाहीच, तिथं करडा रंग मारलाय. आई जिथं गुडघाभर चिखलात खेकडे धरते तिथं लाल डबे रचलेत.

खरं सांगायचं तर मी डबे बघितलेच नाहीत. क्रेन बघत होतो. इतक्या उंचावर बसायचं, खाली समुद्र, आणि घर एका हाकेवर.

रविवार, १० मे

बाबांशी बोललो.

"क्रेनवर माणसं लागतील बाबा."

"लागतील की."

"मग?"

"शिकलेली लागतील. तू आठवीतनं पळालास." मग म्हणाले, "मागच्या वादळात पाणी खारफुटीपाशी अडलं म्हणून तुझे दोघं धाकटे भाऊ जिवंत आहेत. ती तोडली तर पाण्याला कोण अडवणार? तुझा पक्ष?"

मी फोन ठेवला. माझा पक्ष कुठला! मला फक्त घरी जायचंय.

शुक्रवार, १५ मे

पक्षाचा उमेदवार लेपानी परवा आमच्या छावणीवर येतोय. मतं मागायला असेल. एके काळी रग्बी खेळायचा. मनासानं शर्टाला इस्त्री केली.

रविवार, १७ मे

आज घडलं ते लिहून काढतो.

जेवणघरातली टेबलं बाजूला सारून आम्ही चटया टाकल्या. लेपानीनं गावाकडची यांगोनाची मुळं आणली होती, मानाचं पेय करायला. लाकडी परातीत कालवून झाली. आता भाषण होणार असं वाटत होतं, तेवढ्यात त्यानं पिशवीतून देवमाशाचा दात काढला. पिवळा, जुना, काथ्याची दोरी लावलेला.

मान खाली घालून तो माझ्या पुढ्यात बसला. माझ्याच. किनारा आमच्या कुळाचा, बाबा कुळाचे प्रमुख, मी थोरला, बाबा इथं नाहीत, म्हणून. "बंदरासाठी वाइरोरोचा किनारा मागायला आलोय," तो म्हणाला. "हा दात त्याच्यासाठी."

दात घेणं म्हणजे होकार. हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. घेतला की फिरवता येत नाही.

मनासा माझ्या कानाशी म्हणाला, "मेव्हण्या, घरी विचारतो म्हण. नुसतं तेवढंच म्हण."

इथं मला कुणी नावानं हाक मारत नाही. टोपीवरच्या नंबरानं बोलावतात. आणि हा एवढा मोठा माणूस माझ्यापुढे वाकून बसला होता. क्रेनमुळं घेतला की त्या वाकण्यामुळं, मला सांगता येत नाही.

दोन्ही हातांनी घेतला. टाळ्या वाजल्या. मनासानं वाजवल्या नाहीत.

सोमवार, १८ मे

दात घेतानाचा माझा फोटो कालच लाउतोकाला पोचलाय. खाली लिहिलंय – वाइरोरोनं होकार दिला.

आज चाकू दोनदा हातातून सुटला.

मंगळवार, १९ मे

आईला फोन केला. खेकड्यांचं काही बोलली नाही.

"बाबांना दे ना."

"ते घेत नाहीत."

"जेवले का?"

"नाही."

शुक्रवार, २२ मे

मनासानं लेपानीला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवून. क्रेनच्या नोकऱ्या कधी निघणार, म्हणून विचारलं. लेपानी गोड बोलला. सुरुवातीला कंत्राटदार आपलीच माणसं आणणार. मग दहावी झालेल्यांना शिकवणार.

"आणि आठवीवाल्यांना?"

"कुंपणाला रखवालदार लागतीलच की भाऊ."

मनासानं फोन बंद केला. मला टोमणा मारेल असं वाटलं. त्यानं स्वतःच्या ताटातला उकडलेला कसाव्याचा कंद माझ्या ताटात वाढला. ते जास्त लागलं.

रविवार, २४ मे

दात मोज्यात गुंडाळून उशाशी ठेवलाय. परत पाठवू का, असं विचारलं तर मनासा म्हणाला, "वेडा आहेस का? सगळ्या कुळाचं नाक कापलं जाईल. तुझ्या बाबांना आता नाही म्हणायला तोंडच उरलं नाही."

शनिवारी पक्षाची माणसं किनारा मोजायची यंत्रं घेऊन गावात जाणार. त्याच दिवशी बाबांनी सभा बोलावलीय. मी चार वेळा फोन केला. माफी मागायची होती, किंवा त्यांच्या शिव्या तरी खायच्या होत्या.

बुधवार, २७ मे

उचलत नाहीत.

रविवार, ३१ मे

मामीनं मनासाला फोन करून सांगितलं. मनासानं मला बाहेर कुंपणापाशी नेऊन सांगितलं, माझ्याकडे न बघता.

सभेत लेपानी म्हणाला, तुमच्या थोरल्यानं दात घेतलाय, शब्द बांधला गेलाय. बाबा शांतपणे म्हणाले, "मला मुलगे दोनच. दोघंही इथं बसलेत. परक्याच्या हातात दिलेल्या दातानं आमचं कूळ बांधलं जात नाही."

मोजणीवाले यंत्रं उचलून परत गेले. किनारा राहिला.

धाकट्या दोघांनी मान वर केली नाही म्हणे.