पाल्याखालची राणी

नेपरव्हिल, रविवार, १२ एप्रिल

सुट्टी होती. स्वस्थ बसवेना, म्हणून घरमालकीण काकूंचं बॅकयार्ड झाडून काढलं. अंगणात पाला दिसला की आपला हात थांबतो थोडाच! काकू ओरडतच आल्या, "अरे, तो पाला मी मुद्दाम ठेवला होता! त्याखाली बंबलबीची राणी झोपते."

झाडूपाशीच सापडली. आपल्या भुंग्याएवढी माशी, केसाळ, निपचित. मेली की काय? माझ्यामुळे?

काकू म्हणाल्या, थंडीत यांचं सगळं बिऱ्हाड मरतं, नवी राणी तेवढी मातीत एकटी तग धरते. आधीच या माश्या कमी झाल्यात. ही गेली तर यंदाचं बिऱ्हाडच गेलं.

पानावर घेऊन तिला उन्हात धरलं. अख्खा हिवाळा, एकटी. आणि माझी शोभा? मी इथे अमेरिकेत आल्यापासून तीन हिवाळे तीही तिकडे एकटीच घर सांभाळतेय. तेवढ्यात राणी थरथरायला लागली. "अंग गरम करतेय," काकू म्हणाल्या. उडाली एकदाची!

लगेच शोभाला फोन लावून सगळं सांगितलं. "माशीजवळ तासभर बसलात," ती म्हणाली, "आणि बायकोला रविवारची पाच मिनिटं?" हसतच म्हणाली. पाच मिनिटं होऊन गेली, तरी मी फोन ठेवला नाही. तिलाही फोन ठेववेना.