सोळा पायऱ्यांचा गोल जिना

प्रिय बाळ,

तू दर रविवारी फोन करतोस आणि मी दर रविवारी तुला बागेतल्या बातम्या देते. लिंबाला कळ्या धरल्या, मांजरीने कुंडीत संसार थाटला. हे सगळं मी वरच्या गॅलरीतून पाहून सांगते. गेले चार महिने मी खाली उतरलेली नाही. एकदाचं लिहून टाकलं, आता पुढचं सावकाश सांगते. ऑफिसात असशील तर पत्र घरी जाऊन वाच.

खालून चौथ्या पायरीवरून पडून माझा हात मोडला, तेव्हा तू दोन दिवस येऊन गेलास. प्लास्टर घालून आल्यावर मी माझ्या पायांनी वर चढले, तेही तू पाहिलंस. चढायला मला आजही भीती वाटत नाही, कठडा डाव्या हाताला येतो ना. उतरताना तोच उजव्या हाताला येतो, आणि त्या मनगटात आता भरलेला पेलाही धरवत नाही. दुसऱ्या बाजूला मधला खांब. तिथे पायरी इतकी निमुळती की जेमतेम अर्धं पाऊल मावतं. पायऱ्यांना जाळी, तिच्यातून खालची फरशी दिसते आणि डोकं गरगरतं. प्लास्टर काढायला घरी आलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी सुचवलं, शिडीवरून उतरतात तसं उलटं उतरा. मी पाचव्या पायरीपर्यंत गेले. तिथे मागे टाकलेल्या पावलाला पायरी सापडेना आणि वर यायचा धीर होईना. तासभर कठड्याला मिठी मारून उभी होते. शेवटी शेजाऱ्यांनी मला धरून वर आणलं आणि खुर्चीत बसवून उतरवायचं ठरवलं, तर खुर्ची पहिल्याच वळणाला अडकली. तुझे बाबा खालून म्हणाले, राहू द्या, तिचा आणि खुर्चीचा, दोघींचा चहा तिथेच पाठवतो.

त्यांचे गुडघे तुला ठाऊक आहेत. ते वर येऊ शकत नाहीत, मी खाली जाऊ शकत नाही. कामाच्या बाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने ताट धरून वर येतात, तोवर अर्धी वाटी ताटात सांडलेली असते. संध्याकाळी मी जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसते, बाबा खाली खुर्ची ओढतात. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं टक्कल मी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. ते मला 'वरच्या मजल्यावरच्या बाई' म्हणतात, आणि वरच्या बाई खालच्यांची विचारपूस करत नाहीत अशी तक्रारही करतात. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतला जिना हल्ली फार आठवतो. रुंद, लाकडी. सिस्टर आम्हाला डावीकडून, एका ओळीत, तोंड मिटून उतरायला लावायच्या. त्या शिस्तीचा तेव्हा किती राग यायचा. आता तसा जिना मिळाला तर मी जन्मभर तोंड मिटून राहीन.

तुला दोष देत नाही रे. तू या घराचा, तुझा पहिला नकाशा घेऊन आलास तेव्हा तुझे कान लाल झाले होते. बाबा म्हणाले, असा जिना पाण्याच्या टाकीला असतो, घराला नसतो. आयुष्यभर लेथवर लोखंड कातलेला माणूस, त्यांना मापं कळत होती. मलाही कळत होतं. माझं कपाट वर कसं जाणार, हे मी विचारणारही होते. पण तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हटलं, किती सुंदर आहे, जागाही वाचेल. मग कपाट दोर लावून गॅलरीतून वर चढवावं लागलं, आणि तेव्हाही मी हसत होते. त्याच जिन्याने तुझं नाव झालं. त्यानंतर कुठल्या तोंडाने बोलणार होते? बाबांनाही मी शपथ घातली.

मागच्या मंगळवारी दुपारी खाली मोरीत काहीतरी आपटलं. मी हाक मारली. उत्तर नाही. दोन पायऱ्या उतरले, जाळीतून खालची फरशी दिसली, तिथेच बसले. मी नुसती हाका मारत होते. दहा मिनिटांनी बाबांचा आवाज आला, की मी मजेत आहे, फरशी गार आहे. गुडघा फुटला होता, बाकी काही नाही. पण ती दहा मिनिटं ते माझ्यापासून चौदा पायऱ्यांवर होते, आणि ते दुसऱ्या गावात असते तरी मला तेवढंच करता आलं असतं.

काल तुझ्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. पंधरा तारखेला फोटो काढायला माणसं येणार आहेत, तुझ्या कामांचं पुस्तक निघतंय. पहिल्या पानावर तुझी आई रेशमी साडी नेसून जिन्यावरून उतरताना हवी आहे, असं तूच सांगितलंस म्हणे. सवयीने मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि खूप रडले. बाळ, मी उतरणार नाही. फोटोवाल्यांना थांबव आणि जिना कापणारा माणूस पाठव. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीवर सरळ जिना काढलाय, मधे टेकायला एक चौकोनी जागा, दोन्हीकडे कठडे. बैठकीची मोठी खिडकी त्यात निम्मी झाकली जाईल. कागद सोबत ठेवला आहे. त्यांची रेघ वाकडी असेल, ती तू सरळ कर. मी तुझ्या कामाला पहिल्यांदाच नाही म्हणते आहे. रागावलास तर रागाव, पण ये. मला तुझ्या बाबांच्या शेजारी बसून जेवायचं आहे.

तुझीच,
आई